पहिलं शिकारीचं धनुष्य, खिसा लहान: काय घेऊ?

रानभूल:
आधीच सांगतो, म्हणजे धागा भलतीकडे वळायला नको. मी राहतो तिथे धनुष्यबाणाने हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात करता येते. वर्ग केला, परीक्षा दिली, परवाना खिशात आहे. दोन हंगाम मित्राच्या मागे मागे हिंडलो, त्याच्या पिशव्या वाहिल्या, झुडपात बसून डासांना रक्तदान केलं. आता स्वतःचं धनुष्य घ्यायचंय. हंगामाला आठ महिने आहेत, पैसे मोजके आहेत आणि बायकोला सांगितलेला आकडा आता वाढवता येणार नाही.

तीन पर्याय दिसतायत.
अ) नवं कोरं, साधं कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य). साइट (नेम धरायच्या पिना), रेस्ट (बाण टेकवायची जागा), भाता सगळं लावूनच येतं.
ब) चार-पाच वर्षं वापरलेलं कंपाउंड, पण मोठ्या कंपनीचं त्या वर्षीचं सगळ्यात वरचं मॉडेल. नुसतं धनुष्य, वर काही नाही. किंमत 'अ' एवढीच.
क) सुटं होणारं लाकडी रिकर्व्ह (कप्प्या नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य). या दोन्हींच्या निम्म्यात येतं.

मित्राचं म्हणणं, काहीही घे पण ७० पौंडांचं घे, म्हणजे खेचायला तेवढा जोर लागणारं, नाहीतर बाण हरणाला गुदगुल्या करून परत येईल. दुकानात ७० खेचून पाहिलं. खेचलं गेलं. उंची ५ फूट १० इंच. बोला.

भुईनळा:
तिन्ही स्थळं बरी दिसतायत. पत्रिका जुळतात का ते बघा.

जुनं_खोड:
भुईनळा थट्टेत बोलला, पण मुद्दा तोच आहे. धनुष्याची पत्रिका म्हणजे ड्रॉ लेंग्थ, दोरी किती लांब खेचायची ते माप. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत इंचांत मोजा आणि २.५ ने भागा. ७० इंच भरले तर २८. हा शेवटचा शब्द नव्हे, पण दुकानात शिरताना आकडा हाताशी असावा. रिकर्व्ह तुम्ही ओढाल तेवढं ओढलं जातं. कंपाउंडचे कॅम (टोकांवरच्या कप्प्या) ठरल्या जागी येऊन अडतात, त्यापुढे भिंत. ती भिंत तुमच्या मापाच्या पुढे असली की मान वाकडी, खांदा वर, कोपर आत, असा सगळा देह धनुष्याच्या सोयीने वळवावा लागतो.

मी पहिलं घेतलं तेव्हा विकणाऱ्याकडे ३० इंचांचं एकच शिल्लक होतं. माझं माप २८. "सवय होईल" म्हणाला. झाली नाही. दर तीन-चार बाणांनी दोरी कोपराच्या आतल्या बाजूला सणकन बसायची. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी जांभळं, आठवड्याने कडेकडेने पिवळं. ऑफिसात एकीने हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

आता ७० पौंडांचं. "खेचलं गेलं" हे तुम्ही लिहिलंत, पण तेव्हा धनुष्य कुठे रोखलेलं होतं ते लिहिलं नाहीत. बहुतेक छताकडे. असं करा: खुर्चीवर बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य समोर निशाणाच्या उंचीवर धरा आणि तिथेच ठेवून सावकाश खेचा. हात थरथरला किंवा धनुष्य वर गेलं, की दहा पौंड उतरवा. आणि पुन्हा करा.

रानभूल:
छताकडेच होतं. तुम्ही दुकानात होता का?

जुनं_खोड:
सगळे नवखे छताकडेच नेतात. आणि हो, खेचून पाहताना बाण लावल्याशिवाय दोरी कधीही सोडायची नाही. बाणात जाणारी सगळी ताकद मग धनुष्याच्याच अंगावर येते. दोरी उसळून कॅमवरून उतरते, पात (धनुष्याची वाकणारी बाजू) तुटू शकते, डोळाही जाऊ शकतो.

उशिराचा_पाऊस:
माझी गोष्ट सांगतो, फुशारकीची नाही. मीही ७० वाला. उन्हाळाभर सराव केला, रोज पन्नास बाण. हंगामात पहाटे झाडावरच्या माचाणावर चढलो, साडेतीन तास पुतळ्यासारखा बसलो. थंडी एवढी की बोटं कुणा दुसऱ्याची वाटत होती. मग ती आली. मादी, एकटी, अठरा यार्डांवर, पूर्ण आडवी. धनुष्य उचललं, खेचायला गेलो आणि अर्ध्यात अडकलं. उन्हाळ्यातला खांदा त्या दिवशी माझ्याबरोबर आलाच नव्हता. पुन्हा प्रयत्न म्हणून हात वर नेला, तेवढ्या हालचालीला तिने मान उचलून थेट माझ्याकडे पाहिलं. एक फुर्रर्र, पांढरी शेपटी, संपलं.

त्या संध्याकाळी दोन्ही पातींचे बोल्ट सारखे सारखे सैल करून ६० वर आणलं. (दोन्ही बाजूंना मोजून सारखेच फेरे, आणि पुस्तिकेत जेवढे दिलेत त्याच्यापुढे नाही.) तेव्हापासून ६०. गुदगुल्यांची तक्रार एकाही हरणाने केलेली नाही.

संथगती:
मी ४५ पौंडांवर सहा हंगाम काढलेत, त्यामुळे हा गुदगुल्यांचा विनोद माझ्या फार ओळखीचा आहे. ४०० ग्रेनचा (ग्रेन हे बाण तोलायचं बारीक माप) बाण सेकंदाला २०० फूट वेगाने सुटतो. वेगाचा वर्ग गुणिले बाणाचं वजन, भागिले ४५०२४०. बाणाची ऊर्जा येते ३५ च्या वर फूट-पौंड. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात हरणासाठी २५ ते ४१ दिलेत. बऱ्याच ठिकाणी कायद्यानेही किमान ३५ किंवा ४० पौंड ताणच मागितलेला असतो. तुमच्याकडचा आकडा तेवढा बघून घ्या.

एवढ्या ताणावर दोन पथ्यं मात्र पाळते. २० यार्डांच्या पुढे सोडत नाही. आणि बाणाचं पातं स्थिर, घासून धार लावलेलं. आत शिरताना उघडणारी यांत्रिक पाती उघडण्यातच थोडी ताकद खातात, ती चैन मला परवडत नाही.

आकडेमोड:
संथगतीताईंनी माझं काम अर्धं केलं. उरलेलं अर्धं म्हणजे जाहिरातीतला वेग. धनुष्यावर "३२० फूट प्रतिसेकंद" लिहिलेलं असतं ते ७० पौंड ताण, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा हलका बाण धरून. रानभूल यांचं माप २८ धरू, ताण ६०, शिकारीचा बाण ४२० ग्रेनच्या आसपास. ढोबळ हिशेबाने ३२० चे २५५ उरतात. तरी ६० फूट-पौंड होतात, म्हणजे हरणाला हवेत त्याहून बरेच जास्त.

आणि वेगाने हरणाला चकवता येतं हा समज काढून टाका. २० यार्ड म्हणजे ६० फूट. २५५ च्या वेगाने बाणाला ०.२३ सेकंद लागतात. दोरीचा आवाज सेकंदाला ११०० फुटांच्या वर पळतो, तो ०.०५ सेकंदातच पोचतो. उरलेल्या ०.१८ सेकंदात बिचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो. खरोखरचे ३२० असते तरी वाचले असते ०.०५ सेकंद. त्यापेक्षा कमी आवाजाचं धनुष्य घ्या. ४० यार्डांवर तर त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो, तिथे काहीच चालत नाही.

पिंपळपान:
इतकं सगळं गणित एका मुक्या जिवाला मारण्यासाठी. वाचून कसंतरी झालं.

संथगती:
पिंपळपान, कसंतरी मलाही होतं, दर वेळी. म्हणूनच गणित करते. जो करत नाही त्याच्या हातून जखमी होऊन पळालेलं जनावर दोन दिवसांनी मरतं. तुम्ही शाकाहारी असाल तर माझ्याकडे तुमच्यासाठी उत्तर नाही, आणि वादही नाही.

पिंपळपान:
शाकाहारी नाही. तोच तर त्रास आहे. वाचत राहते.

घोडं_पेंड:
'ब' घ्या, डोळे मिटून. चार वर्षांपूर्वीचं वरचं मॉडेल आजही आजच्या साध्या मॉडेलपेक्षा शांत आणि गुळगुळीत असतं. धनुष्याच्या दुनियेत दर वर्षी नवीन काय येतं? रंग.

चिमटा:
डोळे मिटून घेतलं की काय होतं ते मी सांगतो. माझ्या 'ब'ची एक लिंब, म्हणजे पात, उललेली निघाली.

भुईनळा:
लिंबं बाजारातून घेताना दाबून बघायची असतात हो.

चिमटा:
हसा. कापसाने बघायची असतात, दाबून नव्हे. कापसाचा बोळा पातीवरून दोन्ही बाजूंनी, कडांनी, बोल्टजवळच्या फटीतून फिरवायचा. जिथे तंतू अडकेल तिथे चीर. मग कॅमच्या कडांवर नख फिरवायचं. खाच लागली तर ती दोरी कापत राहणार. मग दोरी: केस उभे राहिल्यासारखी पिंजलेली असेल किंवा वरचं गुंडाळलेलं सर्व्हिंग सरकून मधे फट पडली असेल, तर नव्या दोरीचा आणि केबलचा खर्च किमतीत धरा. तशाही दोन-तीन वर्षांनी त्या बदलाव्याच लागतात, आणि कंपाउंडच्या घरी बदलता येत नाहीत, बो प्रेस (धनुष्य दाबून धरायचं यंत्र) लागतो. मला विकणारा म्हणाला होता, "जेमतेम वापरलंय." जेमतेम वापरलेल्या धनुष्याची मूठ इतकी झिजते कशी, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याची ड्रॉ लेंग्थ तुमच्या मापाला बसते का, की त्यासाठी वेगळे कॅम किंवा मॉड्यूल (कॅमवरचा माप ठरवणारा तुकडा) घ्यावं लागतं? जुन्या मॉडेलचं मॉड्यूल शोधत मी चार महिने फिरलोय.

काकडी:
म्हणूनच नवख्याने 'अ'. आजकालची साधी कंपाउंड्स फार लवचिक असतात. डायमंडचं इन्फिनिट एज प्रो बघा, ५ ते ७० पौंड आणि १३ ते ३१ इंच. बेअरचं क्रूझर जी२, ५ ते ७० आणि १२ ते ३०. प्रेस लागत नाही, षटकोनी किल्लीने घरी बदलता येतं. माझ्या धनुष्यावर मी हरीण घेतलं आणि त्याच धनुष्यावर आता माझी दहा वर्षांची लेक १५ पौंडांवर पुठ्ठे फोडते.

घोडं_पेंड:
सगळ्यांना बसणारा सदरा कुणालाच नीट बसत नाही, काकडी. इतक्या मोठ्या टप्प्यात बदलणारे कॅम मधल्या मापांवर तेवढे कार्यक्षम नसतात. आणि त्या पॅकेजमधली साइट! पहिल्या पावसात माझ्या मेव्हण्याच्या साइटची पिन हलायला लागली.

काकडी:
साइट बदलता येते. मेव्हणा बदलता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

तीरकमठा:
'क'बद्दल कुणी बोलेना, म्हणून आलो. सुटं होणारं रिकर्व्ह नवख्यासाठी सगळ्यात शहाणा खर्च आहे. समिक सेजसारखं ६२ इंची घ्या, २५ पासून ६० पौंडांपर्यंत पाती मिळतात. ३० ने सुरुवात, अंग तयार झालं की नुसत्या पाती बदलून ४५. मूठ तीच. बिघडायला काही नाही, दोरी स्वतः चढवता, स्वतः बदलता. आणि जंगलात जवळ जायला शिकता, जे कंपाउंडवाले शिकतच नाहीत.

१९११ साली कॅलिफोर्नियात 'याही' नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, रानातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप नावाच्या सर्जनने त्याच्याकडून धनुष्य शिकून घेतलं आणि अमेरिकेतली आजची धनुष्यशिकार बऱ्याच अंशी तिथून उगवली. इशी बोटांचं चुंबन घेतल्यासारखा बारीक चिरका आवाज काढायचा आणि ससे त्याच्याकडे चालत यायचे. यार्ड मोजायचं यंत्र नाही, पिना नाहीत.

आकडेमोड:
इशीकडे आयुष्यभराचा सराव होता. रानभूलकडे आठ महिने आणि एक नोकरी आहे. रिकर्व्हवर पूर्ण खेचल्यावर पूर्ण ताण बोटांवर असतो. ४५ म्हणजे ४५. कंपाउंडवर ६० पौंडांना ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण खेचल्यावर ताणात मिळणारी सूट) मिळाला की धरून ठेवायचे फक्त १२. हरीण झाडाआड थांबलं तर १२ पौंड मिनिटभर धरता येतात, ४५ नाही.

तीरकमठा:
म्हणून मी हरीण झाडाआड असताना खेचतच नाही. :)

पण तुमचं खोटं नाही. मला २० यार्डांवर खात्री वाटायला तीन वर्षं लागली. या हंगामासाठी रानभूलना 'क' सुचवताना माझा हात थोडा कापतोच. पुढच्या हंगामाची घाई नसेल तर मात्र सुचवतोच सुचवतो.

बाराखडी:
थोडं अवांतर. मेरी रोझ हे इंग्लिश लढाऊ जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. आत शंभरावर अखंड लाँगबो (उंच, सरळ लाकडी धनुष्यं) मिळाले. त्यांचा ताण १०० पौंडांपासून १८५ पर्यंत असावा असा अंदाज आहे. सोबत सापडलेल्या काही सांगाड्यांच्या खांद्याचं हाड नीट जुळलेलंच नव्हतं. लहानपणापासून जड धनुष्य खेचल्याचा तो परिणाम असावा, असं अभ्यासक म्हणतात. रानभूलच्या मित्राला हे दाखवा. ७० पौंड मर्दानगीचे असतील तर १८५ चं काय करायचं?

भुईनळा:
हाडवैद्याकडे जायचं.

चिमटा:
आणि आल्प्समध्ये १९९१ ला सापडलेला तो ओत्झी? पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस, सोबत १.८२ मीटरचं यू लाकडाचं धनुष्य, तेही अर्धवट तासलेलं. म्हणजे "हंगाम आला आणि धनुष्य तयार नाही" हे दुखणं तेव्हापासूनचं.

शेंडेफळ:
कंपाउंडही तसं कालचंच पोर आहे. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलनने रिकर्व्हची टोकं कापली, तिथे कप्प्या बसवल्या आणि १९६६ मध्ये पेटंटला अर्ज टाकला. १९६९ ला मिळालं. मला नेहमी वाटतं, चांगल्या धनुष्याला पहिली करवत लावताना त्याची बायको काय म्हणाली असेल.

जुनं_खोड:
अवांतर झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ या. तुम्ही सगळे धनुष्याच्या किमतीवर भांडताय आणि रानभूलचा खिसा रिकामा होणार आहे तो दुसऱ्याच गोष्टींवर. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. रिलीज (दोरी सोडायचा चाप), सहा चांगले बाण, सरावाची टोकं, शिकारीची पाती, एक बरं टार्गेट, झाडावर बसणार असाल तर अंगाला बांधायचा पट्टा. पट्टा सर्वात आधी घ्या, धनुष्याच्याही आधी. झाडावरून पडून माणसं कायमची अंथरुणाला खिळलेली मी पाहिली आहेत. एकूण आकड्यातला जेमतेम अर्धा भाग धनुष्यावर जाऊ द्या. मग 'अ'-'ब' आपोआप ठरेल.

बाणांवर कंजुषी करू नका. स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा: २८ इंचांच्या अंतरावर दोन आधार, मधोमध १.९४ पौंडांचं वजन लटकवायचं, बाण अर्धा इंच वाकला तर ५०० चा, ०.३४० इंच वाकला तर ३४० चा. आकडा लहान तसा बाण ताठ. ताण, बाणाची लांबी आणि टोकाचं वजन या तिन्हींवरून कोणता घ्यायचा ते तक्त्यात मिळतं. चुकीचा स्पाइन असला की सरावाच्या टोकाने तुम्ही ठीक मारता, आणि शिकारीचं पातं लावलं की तोच बाण वीतभर बाजूला जातो. मग माणूस साइट फिरवत बसतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

आणि कार्बनचा बाण दर वेळी सोडायच्या आधी कानाजवळ धरून दोन्ही हातांनी हलकेच वाकवायचा आणि पिळायचा. करकरला तर मोडून टाका. तडा गेलेला बाण सुटताना फुटतो आणि काडी थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसते.

काकदृष्टी:
सगळं वाचलं. एक प्रश्न कुणीच विचारला नाही. रानभूल, तुमचा प्रबळ डोळा कुठला?

रानभूल:
उजवा असेल. मी उजव्या हाताचा आहे.

काकदृष्टी:
असेल म्हणू नका. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरची एखादी वस्तू त्यात धरा, घड्याळ वगैरे. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू त्रिकोणातच राहते तो प्रबळ. पोपटाचा डोळा दिसण्याआधी आपला कोणता ते कळलेलं बरं.

रानभूल:
...

डावा.

चार वेळा केलं. बायकोकडून करवलं. तिने भलताच आनंद घेतला. डावा.

भुईनळा:
पत्रिकेत मंगळ निघाला.

काकदृष्टी:
वाईट नाही, वेळेत कळलं. डाव्या हाताचं धनुष्य घ्या, म्हणजे उजव्या हातात धरायचं आणि डाव्याने खेचायचं. नवख्याला दोन्ही बाजू सारख्याच परक्या असतात, दोन-तीन आठवड्यांत हात वळतो. डोळा मात्र वळत नाही.

घोडं_पेंड:
साफ असहमत. मी उजव्या हाताचा, डोळा डावा. बारा वर्षं उजव्या हातानेच मारतोय, डावा डोळा मिटून. ताकदीचा हात खेचायला असला की साठ पौंड सहज येतात. शिवाय डाव्या हाताची धनुष्यं वापरलेली मिळणार कुठे?

काकदृष्टी:
संधिप्रकाशात एक डोळा मिटून पीपच्या, म्हणजे दोरीत बसवलेल्या छोट्या भोकातून काय दिसतं, ते तुम्हीच सांगा. हरीण त्याच वेळी येतं.

घोडं_पेंड:
...हे मात्र खरं आहे. शेवटच्या दहा मिनिटांत मी बऱ्याचदा सोडून देतो. पण तरी.

संथगती:
"पण तरी" हा या धाग्यातला सगळ्यात प्रामाणिक युक्तिवाद आहे.

शेंडेफळ:
डाव्या हाताची वापरलेली कमी असतात हे खरं, पण घेणारेही कमीच असतात. विकणारा महिनोन् महिने वाट बघून बघून नमतो. आणि रिलीज कुठली घेणार? मनगटाला बांधायची का अंगठ्याची?

चिमटा:
एकलव्याला विचारा.

जुनं_खोड:
मनगटाची घ्या. नवखा रिलीज माचाणावर विसरत नाही, कारण ती हाताला बांधलेली असते. ट्रिगर झटक्याने दाबायचा नाही, पाठीच्या स्नायूंनी ओढत राहायचं आणि बाण "सुटला" पाहिजे, "सोडला" नाही. पहिला महिना निशाणच नको. टार्गेटपासून चार-पाच पावलांवर उभं राहून डोळे मिटून मारा. कंटाळवाणं आहे, पण तुम्हाला तेवढंच करायचंय.

रानभूल:
पाच आठवड्यांनी उगवलोय. लांब होईल, सांभाळून घ्या.

'ब' घेतलं, डाव्या हाताचं. शेंडेफळ म्हणाले तसंच झालं, विकणारा पाच महिने गिऱ्हाईक शोधत होता. कापसाचा बोळा खिशातून काढला तेव्हा त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी त्याच्या मुलीच्या दातांची तपासणी करतोय. पातीत काही अडकलं नाही. खालच्या कॅमजवळ सर्व्हिंग सरकलेलं होतं, दोरीच्या नावाखाली किंमत उतरवली, नवी दोरी आणि केबल टाकून घेतल्या. मॉड्यूल फिरवून २८ वर बसतं, ते तिथेच फिरवून घेतलं. माझा हातांचा पसारा ७०.५ इंच भरला, म्हणजे २८ ला केसभर जास्त, पण २८ च ठेवलंय.

खुर्चीची परीक्षा ७० वर नापास. ६० वर नापास (डावा हात!). ५२ वर पास. तेवढ्यावर ठेवलंय, हंगामापर्यंत ५५-५८ होईल असं वाटतं. मित्राने आकडा ऐकून "गुदगुल्या" म्हटलंच. त्याला खुर्चीवर बसवलं, पाय उचलायला लावले आणि त्याचं स्वतःचं ७० वालं हातात दिलं. छताकडे गेलं.

जुनं_खोड:
:) :) व्हिडिओ?

रानभूल:
तसं वचन दिलंय त्याला. नाही.

आता अडचण. १० यार्डांवर सहाही बाण तळहाताएवढ्या जागेत. २० वर चार बाण ताटाएवढ्यात, पाचवा नेहमी डावीकडे खाली, सहावा कुठेही. साइट फिरवू का?

तीरकमठा:
नको. पहिले चार एकत्र आहेत ना? मग साइट बरोबर आहे. पाचव्याला तुम्ही दमलेले असता. चारच मारा, बसा, पाणी प्या, पुन्हा चार.

उशिराचा_पाऊस:
आणि खरं सांगू, रानात पाचवा नसतोच. पहिलाच असतो, तोही अंग गरम न करता. रोज घरातून बाहेर पडल्या पडल्या, थंड हाताने, एकच बाण मारा आणि तेवढाच वहीत लिहा. माझ्या वहीत तो महिनाभर सलग ताटात पडेपर्यंत मी माचाणावर चढत नाही.

पिंपळपान:
ताट म्हणजे केवढं?

संथगती:
हरणाचं हृदय-फुप्फुस असतं तेवढं, ८ ते १० इंच. पुढच्या पायाच्या मागे. तिथे बसला तर जनावर काही सेकंदांत कोसळतं, रक्त गुलाबी आणि फेसाळ दिसतं. तरी मी अर्धा तास जागची हलत नाही. पोटात बसला तर रक्त कमी, वास येतो, आणि सहा-आठ तास थांबावंच लागतं. आधी गेलात तर ते उठून आणखी लांब जातं. हे पहिल्या बाणाच्या आधी ठाऊक असावं, म्हणून लिहिलं.

पिंपळपान:
हं. लिहिलंत ते बरं केलंत.

रानभूल:
वही घेतली. पहिले सात दिवस: ताट, ताट, बाहेर, ताट, बाहेर, ताट, ताट.

आठव्या दिवशी टार्गेटच्याही बाहेर. मागच्या गवतात गेला. तासभर झाला, गुडघ्यांवर रांगतोय, पिसंही हिरवीच घेतली होती हे आत्ता आठवलं.

काकडी:
गवत पायाने तुडवू नका, बाण तिरका शिरून मुळांखाली आडवा झोपतो. दाताळं उलटं धरून बाणाच्या वाटेला आडवं ओढत या.

रानभूल:
सापडला! भिंतीच्या अलीकडे दोन फुटांवर, जमिनीत पार गेलेला. कानाशी धरून वाकवला.

करकरला.

भुईनळा:
उरले पाच.